चिपळूणच्या एका कुटुंबाची जुनी टर्बो पेट्रोल गाडी: प्रकरण अभ्यास

चिपळूण शहराबाहेर टेकडीच्या अंगावर घर असलेल्या एका कुटुंबाने रोजच्या वापरासाठी जुनी, पण ताकदीची गाडी घ्यायचे ठरवले. निवडीत सल्ला देण्याचे काम माझ्याकडे होते. कोकणात अशी निवड करताना कोणत्या बाबींना किती वजन द्यावे, हे या व्यवहारातून चांगले कळते. घरात पाच माणसे: लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे गृहस्थ, चिपळुणातील शाळेत शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी, गृहस्थांचे आईवडील आणि प्राथमिक शाळेतील मुलगी. गृहस्थांना रोज परशुराम घाट ओलांडावा लागतो. पत्नीला बाजारातून आणि शाळेच्या वेळेच्या गर्दीतून गाडी काढावी लागते. वडिलांच्या तपासणीसाठी कुंभार्ली घाटातून, पाटणमार्गे, कराडला वरचेवर जावे लागते आणि त्या दिवशी गाडी बहुधा पूर्ण भरलेली असते. खर्चाची एकूण मर्यादा साडेआठ लाख रुपये होती आणि कागदपत्रे, विमा व पहिली दुरुस्ती हे सारे त्यातच बसवायचे होते.

गृहस्थांच्या मनात सुरुवातीला स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस होती. भारतात ती २०१७ साली आली तेव्हा तिच्या दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची ताकद २३० अश्वशक्ती होती आणि २०२० मधील २४५ अश्वशक्तीच्या आवृत्तीच्या तर केवळ २०० गाड्या येथे विकल्या गेल्या. ही गाडी मुख्यतः किमतीमुळे बाद झाली. किंमत जुळली असती तरी मोठ्या चाकांवरचे कमी जाडीचे टायर मुंबई-गोवा महामार्गाच्या अर्धवट चौपदरीकरणातील खड्ड्यांत आणि साइडपट्टीच्या तुटक्या कडांवर किती टिकले असते, याबद्दल मला शंकाच आहे. मात्र या गाडीच्या निमित्ताने एक प्रश्न पुढे आला, तो असा की घाटात नेमकी किती ताकद लागते?

त्याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. पाच माणसे व सामान धरून गाडीचे वजन सुमारे दीड टन आणि चढ आठ टक्के धरला, तर ताशी ४० किलोमीटरच्या स्थिर वेगाने चढण्यास चाकांपाशी वीस-एकवीस अश्वशक्ती पुरतात. एखाद्या मालवाहू ट्रकला किंवा एसटीला मागे टाकण्यासाठी त्याच चढावर चार सेकंदांत वेग ४० वरून ६० वर न्यायचा असेल, तर ही गरज एकदम पासष्ट अश्वशक्तीच्या घरात जाते आणि गिअरबॉक्समधील घट धरता इंजिनाकडून सुमारे पंचाहत्तर अश्वशक्ती मिळाव्या लागतात. कुंभार्लीसारख्या घाटात दोन वळणांमधला मोकळा सरळ तुकडा क्वचितच चार-पाच सेकंदांहून मोठा मिळतो, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा आहे. त्या क्षणी इंजिन अडीच ते तीन हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर) असते आणि गाडीचा कस तेथे लागतो. कागदावर छापलेली कमाल अश्वशक्ती पाच-सहा हजार आरपीएमची असते, जिथे भरल्या गाडीत, मागे आजी बसलेली असताना, कोणीही इंजिन नेत नाही.

मागणीचा अर्थ त्यामुळे बदलला. कमी आरपीएमला भरपूर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देणारे टर्बो इंजिन हवे, मग ते लहान असले तरी चालेल, असे ठरले. स्कोडा रॅपिडमधील एक लिटरचे टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिन ११० अश्वशक्तीचे आहे, पण त्याचा १७५ न्यूटन-मीटर टॉर्क साधारण १,७५० पासून ४,००० आरपीएमपर्यंत सलग मिळतो, म्हणजे ३,००० आरपीएमला त्यातून सुमारे पंचाहत्तर अश्वशक्ती निघतात. वरच्या हिशेबात लागणारा आकडाही तोच आहे. तुलनेसाठी पाहिलेल्या चौथ्या पिढीच्या होंडा सिटीच्या दीड लिटर पेट्रोल इंजिनाची कमाल ताकद ११९ अश्वशक्ती, म्हणजे अधिक आहे, परंतु त्याचा १४५ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क ४,६०० आरपीएमला मिळतो. सपाट रस्त्यावर ती गाडी अतिशय गोड चालते. घाटात मात्र तिला दर वळणानंतर गिअर खाली टाकून ओरडायला लावावे लागते.

विचारात घेण्याजोग्या गाड्या शेवटी चार उरल्या: फियाटची अबार्थ पुंटो, फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणि स्कोडाच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय व रॅपिड १.० टीएसआय.

अबार्थ पुंटोबद्दल गृहस्थांना विशेष ओढ होती. रांजणगावात बनलेली, २०१५ साली आलेली, १४५ अश्वशक्तीची आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली ही हॅचबॅक चालवणाऱ्याला आजही मोह घालते. पण फियाटने भारतात पुंटोचे उत्पादन थांबवून बरीच वर्षे झाली आहेत, या आवृत्तीचे खास सुटे भाग रत्नागिरी जिल्ह्यात मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही आणि तिचे ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, १५५ मिलिमीटर आहे. घरातील एकुलती एक गाडी म्हणून ती घेणे मला पटले नाही. दुसरी गाडी म्हणून घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पोलो जीटी टीएसआयचे १.२ लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे इंजिन गरजेपुरते होते, पण मागच्या आसनावर दोन वयस्क माणसे आणि मुलीची चाइल्ड सीट बसवून पाहिल्यावर आजोबांच्या गुडघ्यांना जागा उरली नाही आणि विषय तेथेच संपला.

ऑक्टाव्हियावर मात्र बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता, कारण तेवढ्याच पैशांत मिळणारी ती सर्वांत मोठी, सर्वांत आरामशीर आणि सर्वांत वेगवान गाडी होती. १८० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर आणि ५९० लिटरची डिकी, म्हणजे गणपतीला मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगा आणि आंब्याच्या पेट्या एकाच वेळी मावतील एवढी जागा. कोल्हापुरातील एक गाडी, एमएच-०९ पासिंगची, सर्व्हिसच्या पूर्ण नोंदींसह उपलब्ध होती आणि तपासणीत तिच्यात मोठा दोष निघाला नाही. तरीही ती न घेण्याचा सल्ला मी दिला. त्यामागे दोन कारणे होती.

पहिले कारण गिअरबॉक्सचे. या गाडीतील सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात आणि ते कोरडे असतात, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेल नसते, केवळ हवा असते. मोकळ्या रस्त्यावर हा गिअरबॉक्स इतक्या चपळाईने गिअर बदलतो की बसलेल्यांना कळतही नाही. पण चढावर कूर्मगतीने सरकणाऱ्या रांगेत, ब्रेक सोडून गाडी इंच-इंच पुढे नेताना, क्लच पूर्ण न जुळता घसरत राहतो, तापतो आणि झिजतो. सुट्ट्यांच्या काळात परशुराम घाटात लागणारी रांग आणि टेकडीवरच्या घराचा चढ या दोन्ही जागा अशा क्लचला नेमक्या प्रतिकूल आहेत. त्यात २५० न्यूटन-मीटर ही या गिअरबॉक्सची वरची मर्यादा असल्याने पहिल्या मालकाने ईसीयू रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून, टॉर्क वाढवला असल्यास, आणि विकताना पुन्हा मूळ प्रोग्रॅम भरला असल्यास, झीज आत राहते व खरेदीदाराला दिसत नाही. क्लच संच किंवा गिअर बदलण्याचे नियंत्रण करणारे मेकॅट्रॉनिक युनिट बदलावे लागले तर राखीव ठेवलेली सारी रक्कम एका फटक्यात जाते.

दुसरे कारण घराच्या फाटकापाशी होते. रस्त्यावरून घराकडे चढणारा सिमेंटचा उतार साधारण एकास साडेपाच आहे, म्हणजे दहा अंशांहून किंचित जास्त, आणि तो वर जांभ्याच्या गडग्यापाशी एकदम सपाट अंगणाला मिळतो. अशा धारेवरून जाताना पुढची चाके अंगणात, मागची उतारावर आणि गाडीचे पोट नेमके धारेवर येते. दोन चाकांमधले अंतर २.६९ मीटर असलेल्या ऑक्टाव्हियाला तेथून न घासता जाण्यासाठी मधोमध सुमारे १२.१ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पाच माणसे बसवून, जमिनीवर पट्टी ठेवून मोजली तेव्हा ती साडेअकरा भरली. रॅपिडच्या चाकांमधले अंतर २.५५ मीटर असल्याने तिला तेथे साडेअकराच सेंटिमीटर लागतात आणि तशीच पाच माणसे बसवून मोजल्यावर साडेबारा मिळाले. सहा मिलिमीटरच्या कमतरतेवरून गाडी नाकारणे कोणाला हास्यास्पद वाटेल. पण ही कमतरता रोज दोनदा, वर्षानुवर्षे पोटाखालच्या पत्र्याला आणि पाइपांना घासत राहील. ब्रोशरमधील ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचे असते आणि चाकांमधले अंतर वाढले की तेवढेच क्लिअरन्स अपुरे पडते, हे कोकणात घर असलेल्याने टेप घेऊन स्वतः तपासावे. उतार तासून धार गोल करता आली असती, पण ती वाट भावकीची सामाईक होती. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

आजींचा निकष अधिक थेट होता. ऑक्टाव्हियातून उतरताना त्या मुलाला म्हणाल्या, "अरे, विहिरीतून वर यावं तसं वाटतंय. मला दर वेळी कोण ओढून काढणार?" वयस्कांच्या गुडघ्यांसाठी आसनाची जमिनीपासूनची उंची महत्त्वाची असते आणि ताकदीच्या गाड्या सहसा याच मुद्द्यावर हरतात. रॅपिडची आसने फार उंच नाहीत, पण तिच्यात बसण्याबद्दल आजींची तक्रार आली नाही.

रॅपिडची ही एक लिटर टीएसआय आवृत्ती प्रदूषणाच्या बीएस-६ निकषांसह २०२० साली आली आणि पुढच्याच वर्षी गाडीचे उत्पादन थांबले, त्यामुळे बाजारात फार गाड्या नाहीत. मॅन्युअल गिअर घ्यावा की ऑटोमॅटिक, यावर पतिपत्नींत खरा मतभेद झाला. गृहस्थांना सहा गिअरचा मॅन्युअल हवा होता, कारण ताकदीची गाडी स्वतःच्या हाताने चालवावी अशी त्यांची धारणा होती. पत्नीचे म्हणणे असे की बाजारपेठेत आणि फाटकाच्या चढावर रोज क्लच दाबणारा पाय त्यांचा असणार. या गाडीतील सहा गिअरचा ऑटोमॅटिक कोरड्या क्लचचा नाही, टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातील दुवा तेलाचा आहे आणि चढावर सावकाश सरकताना घासणारी क्लच प्लेट त्यात मध्ये येत नाही. तो डीएसजीइतका चपळ नाही. परंतु वर सांगितलेल्या दोन्ही प्रतिकूल जागांना तो योग्य उत्तर आहे आणि घाट उतरताना हाताने खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय त्यात आहे, म्हणून माझा कौल पत्नीच्या बाजूने पडला. गृहस्थांनी तो मानला, जरा नाराजीने.

पहिली रॅपिड दिसायला निष्कलंक होती. रनिंग कमी, रंग मूळचा, किंमत बाजारभावापेक्षा पाऊण लाखाने कमी. गाडी २०२१ च्या जुलै महिन्यात महाड परिसरात होती, एवढे मालकाने सांगितले आणि "पाणी चाकाच्या वर आले नव्हते" असेही सांगितले. २२ जुलै २०२१ च्या त्या पुरात चिपळूण, महाड आणि खेड येथे गाड्यांचे काय झाले, हे येथे कोणाला नव्याने सांगायला नको. पूर पाहिलेली गाडी ओळखण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या धुलाईत सुटतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला तर गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ दिसते. आसनाच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले आढळतात, स्टेपनीच्या खळग्यात किंवा डिकीच्या बाजूच्या अस्तरामागे बारीक गाळ साचलेला असतो, गालिच्याखालचा फोम महिनोन्‌महिने ओलसर वास धरून ठेवतो. या गाडीत सीटबेल्ट नवे होते. तीन वर्षांच्या गाडीला चारही बाजूंचे सीटबेल्ट नवे का, या प्रश्नावर समाधानकारक उत्तर मिळाले नाही. डिकीचे अस्तर सोडवताच मागच्या दिव्याच्या जोडणीपाशी वाळलेला गाळ निघाला आणि जोडणीच्या पितळी टोकांवर हिरवट गंज चढलेला होता. एअरबॅगचे नियंत्रण युनिट गाडीच्या मध्यभागी, जमिनीलगत असते. त्याला पाणी लागले असेल तर आज दिवा पेटत नाही म्हणून उद्या एअरबॅग उघडेल असे कोणी सांगू शकत नाही. लहान मुलीला मागे बसवून नेणाऱ्या कुटुंबासाठी एवढे पुरेसे होते.

अशा गाड्या फक्त कोकणात विकल्या जातात असे नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापूर-सांगलीतही पूर आला होता आणि पुरातली गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन विकणे हीच विकणाऱ्याची सोय असते. म्हणून गाडी कोठल्या पासिंगची आहे यापेक्षा त्या दोन-तीन महिन्यांत ती कोठे होती, विम्याचा मोठा दावा झाला होता का आणि सर्व्हिसच्या नोंदींत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अचानक गिअर ऑइल, अल्टरनेटर, वायरिंग असे काम दिसते का, हे पाहावे.

दुसरी गाडी पुण्याची होती, पहिल्याच मालकाची, २०२१ ची, ऑटोमॅटिक. घाटावरच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा खालून पाहिला की किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीशी तुलना आपोआप होते. खाऱ्या वाऱ्यात राहिलेल्या गाडीचे ब्रेक पाइप, सायलेन्सरचे हूक, चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा आणि एसीचा कंडेन्सर आधी गंजतात. येथे हे सारे स्वच्छ होते. स्कॅनर लावून वेगवेगळ्या युनिटांमधील किलोमीटरच्या नोंदी मीटरशी ताडल्या, त्या जुळल्या. रात्रभर उभी असलेली गाडी आमच्यासमोर सुरू करायला लावली, कारण गरम करून ठेवलेले इंजिन आपले आजार लपवते. टर्बोच्या पाइपांवर तेलाचा ओघळ नव्हता, कूलंटची पातळी योग्य होती, एसीने पंधरा मिनिटांत गाडी थंड केली. डावीकडचा, सस्पेन्शनमधील लोअर आर्मचा रबरी बुश मात्र फाटला होता आणि टायरवरील चार अंकी खूण (बनल्याचा आठवडा व वर्ष) पाहता चारही टायर गाडीबरोबर आलेलेच होते. पावसाळ्यात ओल्या घाटात असे टायर मी चालवू देणार नाही, मग त्यांची नक्षी कितीही उरलेली असो.

व्यवहार सात लाख दहा हजारांत ठरला. उरलेल्या एक लाख चाळीस हजारांतून चार टायर, दोन्ही बाजूंचे बुश, इंजिन ऑइल व ब्रेक ऑइल, बॅटरी, विमा आणि हस्तांतराचा खर्च भागला आणि थोडी रक्कम शिल्लक राहिली. जुन्या गाडीच्या बजेटपैकी निदान सातवा हिस्सा खरेदीनंतरच्या कामासाठी बाजूला न ठेवणाऱ्याने ताकदीच्या गाडीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांबाबत एक मोह टाळला गेला, तो सांगण्यासारखा आहे. सिंधुदुर्गातील नातेवाइकांनी गोव्यातील जीए पासिंगची एक स्वस्त गाडी सुचवली होती. पण दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तिची नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. हे सारे मिळवले की स्वस्ताई बहुतेक संपते. पुण्याच्या गाडीवर बँकेचा बोजा होता. कर्ज फिटल्याचे पत्र व बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम दिली नाही आणि हस्तांतराच्या नमुना २९ व ३० वर सह्या झाल्यावर हस्तांतर रखडू दिले नाही. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघात नुकसानभरपाईच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे, त्यामुळे घाई विकणाऱ्यालाही हवी असते. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज केला. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचाच राहतो, म्हणून हप्ता अपेक्षेपेक्षा थोडा जास्त बसला. पाणी शिरून होणाऱ्या इंजिनाच्या हानीसाठी वेगळे संरक्षण घेतले. घर टेकडीवर असले तरी गाडी वरचेवर बाजारपेठेजवळ उभी राहते आणि वाशिष्ठीचे पाणी तेथे यायला वेळ लागत नाही.

पहिल्या पावसाळ्यात गाडीने अपेक्षेप्रमाणे काम केले. कुंभार्ली घाटात भरल्या गाडीने ट्रक ओलांडताना गृहस्थांना पूर्वीच्या छोट्या गाडीसारखा जीव मुठीत धरावा लागत नाही, आणि पत्नी फाटकाचा चढ एका दमात चढतात. पेट्रोलचा ॲव्हरेज घाटामुळे आणि गावातल्या लहान फेऱ्यांमुळे कंपनीच्या आकड्याच्या बराच खाली राहतो. हे आधीच सांगितले असल्याने त्याबद्दल कुरकुर झाली नाही. गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची, म्हणजे ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी सक्तीने बनवलेल्या पिढीच्या आधीची असल्याने इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला पाहायच्या, अशी नोंद तिच्या वहीत केली आहे. गिअरबॉक्सचे तेल साठ हजार किलोमीटरच्या आसपास बदलावे, असा सल्ला मी दिला आहे.

गृहस्थांची हौस अजून पुरती फिटलेली नाही. पुण्यातील एका गॅरेजने रीमॅप करून पंचवीस अश्वशक्ती वाढवून देण्याचा प्रस्ताव दिला, तेव्हा त्यांनी मला विचारले. वाढीव टॉर्कचा भार गिअरबॉक्सवर किती पडेल, न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी दावा अडवू शकते का आणि ती वाढीव ताकद परशुराम घाटातील कोणत्या तुकड्यावर वापरणार, हे तीन प्रश्न मी त्यांना परत विचारले. पहिल्या दोहोंची उत्तरे त्यांनी गॅरेजकडे मागितली आहेत, आणि तोपर्यंत गाडीचा ईसीयू कंपनीने भरला तसाच आहे.